निर्णयार्थ सादर

माणसाला पाठ असते, ही गोष्ट वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. तोंड रोज आरशात दिसतं. पोट तर आरशाशिवायही दिसतं. पाठ बिचारी कायमची मागे. वास्तविक आपल्या भाषेत तिचा केवढा राबता! कोणी कोणाची पाठ राखतो, कोणी पाठ फिरवतो, कोणी पाठ थोपटतो आणि थोपटता थोपटता खंजिराला जागा कुठे आहे तेही बघून ठेवतो. पण या सगळ्या पाठी दुसऱ्यांच्या. आपली स्वतःची पाठ आपल्याला भेटते ती एकदम, आणि भेटली की पाठ सोडत नाही.

माझी मला भेटली ती सकाळी सव्वासहा वाजता. बेसिनवर वाकून दात घासत होतो आणि शिंक आली. साधी, घरगुती शिंक. पण ती बाहेर पडताना कमरेत काहीतरी कडकन वाजलं, आणि वीज जशी तारेतून जावी तशी एक कळ कुल्ल्यातून मांडीत, मांडीतून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन पोहोचली. मी ब्रश तोंडात ठेवून तसाच काटकोनात उभा राहिलो. हिला वाटलं, मी बेसिनखालचं झुरळ शोधतोय.

त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "काय उचललंत?" मी "शिंकलो" म्हटलं की लोकांचा चेहरा पडायचा. गोदरेजचं कपाट, भरलेला सिलिंडर, निदान तांदळाचं पोतं तरी त्यांना हवं होतं. शिंकेने कमरेतून जाणारा माणूस सहानुभूतीला पात्र नसतो. चौथ्या दिवसापासून मी "सिलिंडर" असं सांगू लागलो. चहाबरोबर हळहळ नीट मिळू लागली.

उपाय सुरू झाले. महानारायण तेल झालं, विटेचा शेक झाला, पट्टा झाला. उसण भरली असेल तर पायाळू माणसाची लाथ लागते, असं आमच्या आत्याने गावाहून फोनवर कळवलं. आमच्या सोसायटीत पायाळू माणूस एकच, आणि तो म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. ते आनंदाने आले. त्यांनी लावलेल्या लाथेत परंपरेचा भाग किती आणि माझ्या थकलेल्या वर्गणीचा भाग किती, हे मला अजून सांगता येत नाही. उसण काही गेली नाही. वर्गणी मात्र त्याच दिवशी भरली.

ती उसण नव्हतीच. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली होती. आयुर्वेदाने या दुखण्याला गृध्रसी हे फार सुंदर नाव दिलं आहे. गृध्र म्हणजे गिधाड. माणूस गिधाडासारखा वाकडा चालतो म्हणून, असं सांगतात. मी आरशात चालून बघितलं. नाव ठेवणाऱ्याने जवळून बघितलेलं होतं यात शंका नाही. इतक्या जुन्या दुखण्याचं मूळ कारण मात्र पश्चिमेच्या डॉक्टरांना बऱ्याच उशिरा उमगलं. मिक्स्टर आणि बार या बॉस्टनच्या दोघा शल्यविशारदांनी १९३४ साली लिहून दाखवलं की पायातल्या कळेचा उगम मणक्यातल्या फुटलेल्या गादीत असू शकतो, आणि ती काढता येते. म्हणजे त्याआधी शेकडो पिढ्या माणसं काहीही न ठरवता नुसती कण्हत होती. त्यांचा मला हेवा वाटू लागला, तो पुढच्या कारणाने.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जमेल तसं चालत राहा म्हणाले, आणि बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत आपोआप उतरतं असा दिलासा दिला. सहा आठवडे गेले. उतरलं नाही. मग मणक्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उताणं निजवून सरळ पाय वर उचलला. मी जी आरोळी मारली ती बाहेर बसलेल्या सहा पेशंटांनी ऐकली, आणि त्यातले दोन निघून गेले. पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं. डावा अंगठा ताठ उभा राहिला. उजवा सरकारी कर्मचाऱ्यासारखा अर्ध्यावर येऊन थांबला.

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, लघवीवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद भराभर उतरायला लागली, तर विचारायचं नाही, त्याच दिवशी धावत यायचं. पण तुमचं तसं नाही. अंगठा थोडा कमजोर आहे, पण वाढत नाहीये. तुम्ही ऑपरेशन करू शकता, थांबूही शकता. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. ठरवा."

ठरवा! वाचकहो, मी एका सरकारी कार्यालयात एकोणतीस वर्षं नोकरी केली आहे आणि त्या एकोणतीस वर्षांत मी एकही गोष्ट ठरवलेली नाही. याला मोठं कौशल्य लागतं. आमच्याकडे नस्ती येते. तिच्यावर पूर्वपीठिका लिहायची, नियम दाखवायचा, पूर्वोदाहरण जोडायचं, आणि तळाशी "निर्णयार्थ सादर" असं लिहून, लघुस्वाक्षरी करून ती वर सरकवायची. वरचा "चर्चा करावी" लिहून ती खाली पाठवतो. अशा रीतीने नस्ती झोके घेत असताना बहुतेक प्रश्न म्हातारे होऊन आपोआप मरतात. आणि आता हे डॉक्टर मला सांगत होते, ठरवा. या नस्तीला वर कोणी नव्हतं. म्हणजे एक होता, पण त्याच्याकडे इतक्यात सादर व्हायची माझी इच्छा नव्हती.

मी नेहमीचा डाव टाकला. "डॉक्टर, माझ्या जागी तुम्ही असतात तर?"

"रोज चार जण विचारतात," ते म्हणाले. "मला दिवसाचे सहा तास उभं राहून दुसऱ्यांच्या पाठी उघडायच्या असतात. मी असतो तर त्या हिशेबाने ठरवलं असतं. माझं उत्तर तुमच्या काय उपयोगाचं?"

घरी आलो. चिरंजीव बंगळूरला असतात. त्यांना फोन केला. त्यांनी "बाबा, तुम्ही वाचून ठरवा" म्हणून इंग्रजी निबंधांचा एक गठ्ठाच पाठवला. तीन रात्री मी उभ्याने वाचन केलं, कारण बसवत नव्हतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचा एमआरआय काढला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली, आणि सगळ्या गाद्या शाबूत असलेले शंभरात ३६ च भरले. म्हणजे फोटोतल्या गादीवर सगळा दोष ठेवायचीही सोय उरली नाही.

दुसरा निबंध हॉलंडचा, २००७ सालचा. पायात तीव्र कळ असलेल्या २८३ माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन लवकर करायचं, दुसऱ्याने थांबायचं, आणि फारच असह्य झालं तर मग करायचं. थांबणाऱ्यांतल्या शंभरात ३९ जणांनी वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलंच. पण वर्षाअखेर बघितलं तर दोन्ही गटांत शंभरातले ९५ जण बरे! फरक एवढाच, की लवकर कापून घेणाऱ्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले आणि थांबणाऱ्यांना १२. हिशेब साफ होता. आठ आठवड्यांचं दुखणं वाचवायचं, आणि त्यासाठी पाठ उघडण्याचा धोका पत्करायचा. पण हा सौदा करावा की नाही, ते त्या निबंधात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी पानं उलटून उलटून बघितलं.

शेवटी मी फुलस्केप कागद घेतला आणि रीतसर टिपणी लिहिली. विषय : कमरेचे ऑपरेशन करणेबाबत. पूर्वपीठिका : शिंक. अनुकूल मुद्दे पाच, प्रतिकूल मुद्दे पाच, खर्चाची बाब स्वतंत्र. तळाशी "निर्णयार्थ सादर" लिहिलं, लघुस्वाक्षरी केली, आणि कागद हिच्या पुढ्यात चहाच्या कपाखाली सरकवला. वर अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणालो, "तू म्हणशील तसं."

पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी शेकडो वेळा वापरलं आहे. साडीचा रंग, पाहुण्यांचा मुक्काम, चिरंजिवांचं कॉलेज, सगळीकडे. मला वाटायचं, यात केवढा मोठेपणा आहे!

हिने कागद वाचला. दुधाचा हिशेब लिहायची पेन्सिल घेतली आणि समासात "चर्चा करावी" असा शेरा मारला. मी हसलो. ती हसत नव्हती.

"अहो, मी रात्री जागेन," ती म्हणाली. "डबा आणीन, आंघोळ घालीन, जे लागेल ते करीन. पण हे मी ठरवणार नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर तुम्ही मला बोलणार नाही, ते ठाऊक आहे मला. पण मनात म्हणाल, हिने सांगितलं म्हणून केलं. तुमच्या कण्हण्यापेक्षा ते मनातलं मला जास्त ऐकू येईल."

मी गप्प बसलो. म्हणजे गप्प उभा राहिलो. इतकी वर्षं ज्याला मी प्रेम समजत होतो, त्यात निम्मा तरी भाग चुकारपणाचा होता. "तू म्हणशील तसं" म्हणजे "चुकलं तर तुझं." साडीच्या रंगापुरतं ते खपून गेलं होतं.

पुढे चौकशी करताना कळलं की हिचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात म्हटलं आहे, की पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबण्यासारखं आहे, जीव तातडीने धोक्यात नाही, तर त्याची स्वतःची संमती हवी. त्या खटल्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेतली होती. ती न्यायालयाने चालवून घेतली नाही. जिथे आईची सही चालत नाही तिथे बायकोची कुठून चालणार?

आमच्या वडिलांची गीतेची प्रत होती. सवयीने तीही उघडली. मला अर्जुन फार जवळचा वाटतो. ऐन मोक्याला हातपाय गाळून "तूच काय ते सांग" म्हणणारा तो पहिला ज्ञात कर्मचारी. पण अठराव्या अध्यायात, एवढं सगळं ज्ञान सांगून झाल्यावर, भगवंत त्याला म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. घ्या! म्हणजे तिथूनही नस्ती शेरा मारून परत.

मग मी कसं ठरवलं? खरं सांगायचं तर टक्केवारीने नाही. आमच्याच मजल्यावर आण्णा राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा पाच वर्षांचा नातू रोज संध्याकाळी आमच्या दारावर थापा मारून पळून जायचा आणि मी "कोण आहे रे" म्हणून धावायचं सोंग करायचं, असा आमचा जुना करार. एका संध्याकाळी त्याने थाप मारली तेव्हा माझी कळ ऐन भरात होती. मी दार उघडून त्याच्यावर असा काही ओरडलो की पोर भिंतीला चिकटलं. दुसऱ्या दिवशी थाप आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी दाराआड उभा राहून वाट बघत होतो, आणि मला एकदम कळलं की दुखण्याने माझी फक्त कंबर वाकडी केलेली नाही. मी वाईट माणूस होत चाललो होतो. दूधवाल्यावर, हिच्यावर, बातम्या सांगणाऱ्या बाईवर, सगळ्यांवर मी गुरगुरत होतो. या माणसाला आणखी आठ आठवडे पोसायची माझी तयारी नव्हती.

हे कारण टिपणीत लिहिण्यासारखं नव्हतं. पण मी त्याला एक कसोटी लावून बघितली. समजा ऑपरेशन फसलं. मग या कारणाची मला लाज वाटेल का? वाटणार नव्हती. "मेहुण्याने सांगितलं म्हणून" किंवा "सगळे करतात म्हणून" याची वाटली असती. जे कारण अपयशातही आपल्या नावावर ठेवायची तयारी असते, तेच बहुधा आपलं स्वतःचं कारण असतं.

इस्पितळात संमतीचा फॉर्म आला. तो घेऊन आलेला मुलगा "इथे, इथे आणि इथे" म्हणून बोट ठेवत होता. मी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. नर्सने माझ्याकडे अत्यंत करुणेने बघितलं. जंतुसंसर्ग, नसेला इजा, मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला चीर, गादी पुन्हा सरकणं, भुलीतले धोके आणि मृत्यू, सगळं एका पानात बसवलेलं. सवयीने त्यात शुद्धलेखनाची एक चूकही सापडली. ती दुरुस्त केली. आणि खाली, एकोणतीस वर्षं लघुस्वाक्षरीवर भागवलेल्या या माणसाने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. हात थोडा कापला. मला वाटतं, तोपर्यंत मी फक्त अक्षरं गिरवत होतो.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत महत्त्वाची बैठक, आणि मी नेहमीप्रमाणे झोपलेलो होतो. उठलो तेव्हा पायातली कळ नव्हती. जवळजवळ दोन महिने जी क्षणभर हलली नाही ती नव्हती. तिच्या जागी पाठीत दोन बोटांएवढी चीर होती आणि तिची आग होत होती. पण ती आग साधी, प्रामाणिक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उभं करून चालवलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सहा आठवडे वाकायचं नाही, पिळायचं नाही, उचलायचं नाही. कुशीवर वळायचं ते ओंडक्यासारखं, सगळं अंग एकदम. जमिनीवर बसून जेवण बंद, पाट बंद, भारतीय बैठकीचा संडास बंद. खुर्चीत एका वेळी वीस मिनिटं. बसल्यावर आराम पडतो ही माझी समजूतही खोटी निघाली. स्वीडनच्या नाकेमसन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजला होता, आणि उभं राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त निघाला होता. आमच्या खात्यात पाठदुखी का जास्त, याचा उलगडा झाला.

या काळात मला शोध लागला की जगातल्या सगळ्या महत्त्वाच्या वस्तू गुडघ्याच्या खाली पडतात. पेन, चष्म्याचं घर, चावी, गोळी. पडली की मी तिच्याकडे नुसता बघत राहायचो, जसा माणूस गाडीच्या खिडकीतून सुटलेल्या स्टेशनाकडे बघतो. मोजे ही चढवायची, नाडी ही बांधायची. आधी मला संकोच व्हायचा, मग राग यायचा, आणि मग हळूहळू लक्षात आलं की मदत घेणं आणि निर्णय ढकलणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आयुष्यभर मी नेमकं उलट करत आलो होतो. निर्णय दुसऱ्यावर टाकायचे आणि मोज्यासाठी मात्र "मी माझा घालतो" म्हणून रुसायचं.

दहाव्या दिवशी दारावर थाप पडली. मी धावू शकत नव्हतो. आतूनच ओरडलो, "कोण आहे रे!" दार उघडून एक डोकं आत आलं. "आजोबा, तुमचं पेन पडलंय," असं म्हणून त्याने ते उचलून दिलं. मग त्याला तोच खेळ झाला. मी पाडायचं, त्याने उचलायचं. माझं पेन एका संध्याकाळी सतरा वेळा पडल्याचं मी स्वतः मोजलं आहे.

आता गंमत ऐका. मी बरा होत असतानाच आण्णांची कंबर गेली. तीच गादी, तोच पाय. डॉक्टरांनी त्यांनाही दोन्ही रस्ते दाखवले. मी माझ्या अनुभवाची पेटी उघडून तयार होतो, पण ते म्हणाले, "मला मधुमेह आहे, चिरफाड नको वाटते. आणि हिच्यामागे मला कुठे घाईने जायचंय? थांबतो." ते थांबले. चार महिने कण्हले, मग उतरलं. आज दोघंही सकाळी बरोबर फिरायला जातो, आणि बागेतल्या बाकावर आमच्यावरून वाद होतो. एक गट म्हणतो, "बघा, आण्णांचं आपोआप गेलं. तुम्ही उगाच कापून घेतलंत." दुसरा म्हणतो, "केलंत म्हणून तर चालताय." दोघांनाही पुरावा नाही. त्यासाठी मला दोन पाठी लागल्या असत्या, एक कापलेली आणि एक न कापलेली, आणि देवाने पाठ एकच दिली आहे. आयुष्यही त्याने एकेकच वाटलं आहे. म्हणून "बरोबर ठरवलं का?" हा प्रश्न कोणाच्याच बाबतीत पुरता सुटत नाही. "कोणी ठरवलं?" हा मात्र सुटतो.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला अजून रुपयाएवढी जागा बधिर आहे. ती परत जिवंत होईल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. कधी रात्री चादर लागली की ती जागा जाणवते, म्हणजे जाणवत नाही हे जाणवतं. पूर्वीचा मी असतो तर याबद्दल कोणाला तरी खुलासा विचारला असता. आता मी कूस बदलतो, ओंडक्यासारखी, आणि झोपतो. नस्तीवर सही माझी आहे.

परवा हिने दिवाळीच्या पडद्यांचे दोन नमुने पुढे धरले, निळा आणि केशरी. "तू म्हणशील..." एवढं तोंडातून गेलं होतं. मी स्वतःला आवरलं, पाठ ताठ केली आणि म्हणालो, "निळा."

पडदे केशरी आले. पण माझं मत नोंदवून घेतलं गेलं, हे काही कमी नाही.